माझा वेग मी दिला नाही

आमच्या टायपिंग पूलमध्ये सगळ्यांत वेगानं हात माझा चालायचा. बढाई म्हणून सांगत नाही. पुढचा सगळा प्रकार त्यामुळेच झाला.

सत्तरच्या दशकातली, दिल्लीतली गोष्ट. आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून बसनं मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात जायची. लांबट खोलीत ओळीनं बसलेल्या आम्ही टायपिस्ट बायका. माझ्या शेजारी फाळणीत लाहोरहून आलेली एक विधवा बसायची. तिला सगळ्या दीदी म्हणत. दिल्लीच्या थंडीत तिच्या बोटांचे सांधे सुजायचे. लोकरी हातमोज्यांची टोकं कापून ती ते घालायची आणि तशीच टाईप करायची.

एक दिवस कामाचा शास्त्रीय अभ्यास करायला एक तरुण अधिकारी आला. हातात स्टॉपवॉच घेऊन तो आमच्या पाठीमागे उभा राहायचा. कोण कार्बन कसा लावतं, कोण पाणी प्यायला उठतं, सगळं टिपायचा. माणूस वाईट नव्हता. प्रत्येक कामाची एकच उत्तम पद्धत असते आणि ती सापडली की सगळ्यांचं भलं होतं, असं त्याला मनापासून वाटायचं.

काही दिवसांनी त्यानं मला बोलावलं. "मॅडम, आपकी स्पीड सबसे अच्छी है. कल आपका टेस्ट लेंगे. वही सबका स्टँडर्ड बनेगा."

"आणि ज्यांना तेवढं जमणार नाही?" मी हिंदीतच विचारलं.

"उन्हें कहीं और भेज देंगे."

"कुठे?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. प्रमोशनसाठी तुमचं नाव वर जाईल, एवढं मात्र त्यानं सांगितलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तोही सरकारी नोकरीतलाच. म्हणाला, "मग उद्या जरा हळू टाईप कर ना. कुणाला कळतंय?"

"हळू कशाला? मला येतं ते मी लपवणार नाही. पण त्याचा चाबूक करून दीदीच्या पाठीवर ओढू देणारही नाही."

"मेमो मिळेल."

"मिळू दे."

दुसऱ्या दिवशी खोलीच्या मधोमध माझं टेबल मांडलं होतं. नवी रिबन, कोरे कागद. आमचे सुपरिंटेंडेंटही येऊन उभे राहिले. अधिकारी म्हणाला, "शुरू कीजिए."

मी हात मांडीवर ठेवले. "नाही करणार."

"तबीयत ठीक नहीं है?"

"तब्येत उत्तम आहे. रोजचं काम मी रोज करते, पुढेही करीन. पण माझ्या वेगानं दुसऱ्यांना हाकायचं असेल तर तो मी देणार नाही. मोजायचं तर सगळ्यांना मोजा. आणि जानेवारीच्या थंडीत येऊन मोजा."

"यह बदतमीज़ी है," सुपरिंटेंडेंट म्हणाले.

मी जागेवरून उठले नाही. मागे दीदीचं मशीन थांबलं. मग तिच्या पलीकडचं, मग सगळ्या खोलीतली. अधिकाऱ्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि स्टॉपवॉच खिशात टाकलं.

मेमो आला. 'जे केलं ते विचार करून केलं,' एवढंच उत्तर मी लिहिलं. माझी बदली तळमजल्यावर टपाल विभागात झाली आणि प्रमोशन माझ्यानंतर लागलेल्या बाईला मिळालं. टेस्ट द्यायला मात्र पूलमधली दुसरी कुणी तयार झाली नाही. शेवटी सगळ्यांच्या रोजच्या कामाची सरासरी धरून नियम झाला आणि वयस्कर बायकांना त्यातही सूट मिळाली.

दीदी त्याच खुर्चीवरून रिटायर झाली. त्या दिवशी ती पिन्नीच्या लाडवांचा डबा घेऊन खाली माझ्याकडे आली आणि रागावली. "पागल है तू. मेरे लिए प्रमोशन क्यों छोड़ा?"

"फक्त तुमच्यासाठी नाही. मला ते पटलंच नव्हतं. उद्या परत विचारलं तरी नाहीच म्हणेन."

तिनं डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "अच्छा, पहले खा ले."