सुवार्सीचं ‘इंग्गिह’

माझी मावशी सुवार्सी जावातल्या क्लातेन गावच्या बाजारात टेम्पे विकायची. सोयाबीनची ती वडी केळीच्या पानात बांधावी तर तिनेच. आणि हिच्याच घशाखाली घास उतरेना! अन्ननलिकेचं खालचं तोंड आवळलेलं, उघडेचना. लाखात एखाद्याला होतो म्हणे हा आजार. आमचंच घर सापडलं मेल्याला! वर्षभरात बाईचा नुसता सापळा झाला.

डॉक्टर पुर्बा तिकडे सुमात्रातल्या मेदानकडचे, बाताक जमातीचे, बोलणं सडेतोड. म्हणाले, "दोन वाटा आहेत. तोंडातून दुर्बीण घालून आतला स्नायू कापायचा. पोटावर टाका नाही, पण पुढे जळजळीचा त्रास जास्त. नाहीतर पोटाला भोकं पाडून कापायचा आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळायचा. जळजळ कमी, पण सावरायला वेळ लागतो. तोंडातून करू?"

"इंग्गिह," मावशी म्हणाली.

"की पोटातून?"

"इंग्गिह."

आम्हा जावानी माणसांचं इंग्गिह म्हणजे ‘हो’, आणि नुसतं ‘ऐकलं बरं का साहेब’सुद्धा. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीतच नाही.

"अगं बाई, एक काहीतरी सांग ना!" मी वैतागले.

तिने मला बाजूला ओढलं. "तोंडातूनच करायला सांग. बाजारात लवकर बसायचंय. आणि गं, एकदा पोटभर गरम भात खायचाय मला."

मी तसं सांगितलं. डॉक्टरांनी बजावलं, आधीचे दोन दिवस फक्त पातळ. भात आत साचून राहतो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मावशीला दवाखान्यात ठेवून मी घरी गेले होते. शेजारीण आपल्या सुनेच्या डोहाळजेवणाची बरकत, म्हणजे प्रसादाचा डबा, घेऊन तिथे आली. दुआ मागून वाटलेला भात तो, परत कसा पाठवायचा? मावशीने चार घास खाल्ले.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "भात वगैरे काही खाल्लं नाही ना?"

"इंग्गिह."

गुंगी देताना तो भात वर आला आणि फुप्फुसात गेला. स्नायू कापायची वेळच आली नाही. चार-पाच दिवस ती यंत्रावर होती, मग गेली.

डॉक्टरांचे डोळे लाल झाले होते. "मी विचारलं होतं तिला. खोटं का बोलली?"

माझं डोकंच फिरलं. "खोटं नाही बोलली हो ती! तुमचा मान ठेवला तिने!"