आयोवाला गेलेला भाऊ

ड्युसेलडॉर्फला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. सगळ्या इमारतीची पार्सलं त्याच घेतात. आम्ही नवरा-बायको ऑफिसात, लेक किंडरगार्टनमध्ये, वरच्या मजल्यावरचे विद्यार्थी दिवसभर कुठे असतात ते त्यांनाच माहीत. त्यामुळे कुरिअरवाला थेट आजींचीच बेल वाजवतो. संध्याकाळी पार्सल आणायला खाली गेलं की त्या दारातच थोडा वेळ गप्पा मारतात. माझं जर्मन सुधारलं ते क्लासपेक्षा त्या दारात. जर्मनमध्ये आम्ही एकमेकींना 'डू' म्हणतो, म्हणजे तूच. पण मनात मात्र त्यांना 'अहो आजी'शिवाय दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही.

अशीच एकदा गेले असताना त्यांनी पार्सल हातात दिलं आणि विचारलं, "तुला इंग्रजी चांगलं येतं ना?"

"येतं की. ऑफिसचं सगळं काम इंग्रजीतच चालतं."

"मग आत ये."

स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी एक जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो ठेवला. लाकडी फळ्यांचं घर, पुढे दाढीवाला शेतकरी, शेजारी घट्ट केस बांधलेली त्याची बायको आणि उंचीप्रमाणे ओळीने उभी केलेली सात मुलं. कडेला एक घोडा. नेमका फोटो काढताना हलल्यामुळे त्याला दोन तोंडं आली होती. मागे फोटो स्टुडिओचा शिक्का होता, त्यातलं फक्त 'आयोवा' एवढंच वाचता येत होतं.

आजी मूळच्या वेस्टफालियातल्या एका खेड्यातल्या. हा फोटो त्यांच्या आजोबांच्या घरी भिंतीवर असायचा. त्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ अमेरिकेला गेला, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या भागात शेत एकालाच मिळायचं, वाटण्या व्हायच्या नाहीत. थोरल्याला जमीन मिळाली, धाकट्याने बोट धरली. पुढे त्याचं काय झालं, ही मुलं कोण, त्यांची मुलंबाळं कुठे आहेत, कुणालाच माहीत नव्हतं.

"मी लहानपणी या मुलांची नावं ठेवली होती," आजी म्हणाल्या. "खेळायला दुसरं कोणी नसायचं ना. आता खरी नावं कळली तर बरं वाटेल."

मला असल्या गोष्टींचं फार वेड. ऑफिसात माझं कामच सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं, त्यामुळे एखादी गोष्ट सापडत नाही म्हटलं की मला चैन पडत नाही. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

कामाची वाटणीही झकास झाली. अमेरिकेतली जुनी जनगणना, बोटींवरच्या प्रवाशांच्या याद्या, चर्चच्या नोंदी, असं कितीतरी आता इंटरनेटवर बघायला मिळतं. इंग्रजी कागद मी वाचायचे. जर्मन चर्चमधल्या नोंदी एका जुन्या, टोकदार लिपीत असतात; मला त्या नुसत्या कुंपणाच्या तारांसारख्या दिसायच्या. पण आजींना ती लिपी त्यांच्या आजीने शिकवली होती. मग दर रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन खाली. इथे रविवारी शांतता पाळायचा नियम, त्यामुळे ना व्हॅक्यूम क्लीनर चालवता येत, ना भिंतीत खिळा ठोकता येत. शोधाशोध करायला याहून चांगला दिवस नाही.

भावाची बाप्तिस्म्याची नोंद लगेच सापडली. गाव बरोबर, आई-वडील बरोबर, शेजारी त्यांचं आडनाव. मला वाटलं, झालंच काम! आता हेच नाव आयोवात शोधायचं.

आयोवात तो नव्हता.

आडनावाची जितकी म्हणून स्पेलिंगं होऊ शकतात तितकी मी करून बघितली. शिरगणती करणारे कारकून कानाला आलं तसं लिहायचे, म्हणून मी आडनाव मोठ्याने अमेरिकन उच्चारात म्हणून बघायचे आणि आजी हसून हसून चष्मा पुसायच्या. एकदा इलिनॉयमध्ये अगदी त्याच नावाचा, त्याच वयाचा माणूस सापडला. आम्ही दोघी इतक्या खूश झालो की आजींनी कपाटातली चेरीची दारू काढली. पुढच्या रविवारी कळलं की तो शिंपी होता आणि बव्हेरियातून आला होता. उरलेली दारू दुःखात संपली.

वसंत गेला, उन्हाळा आला आणि साताऱ्याहून माझ्या सासूबाई आल्या. त्यांना जर्मन येत नाही, आजींना मराठी येत नाही. पण आठवडाभरात दोघी बाल्कनीत बसून घेवड्याच्या शेंगा निवडायला लागल्या. सासूबाई त्यांना ताई म्हणायच्या. आजींना वाटलं, हे सासूबाईंचंच नाव. त्याही उलट त्यांना 'ताई' म्हणायला लागल्या. मी दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही.

त्या रविवारी आम्ही चौघी आजींकडे कॉफीला होतो. आजींनी प्लमचा केक केला होता. लेक टेबलाखाली बसून, सासूबाईंनी मराठीत विचारलेल्या प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरं देत होती.

"काय गं, सापडला का यांचा तो माणूस?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नाही ना, अहो आई. नाव आहे, गाव आहे, आणि तिकडे त्या नावाचा माणूसच नाही."

"आडनाव बदललं असेल."

"कशाला बदलेल?"

"कशाला म्हणजे? माझ्या वडिलांचं नाही का बदललं! दत्तक गेले ते. माझ्या सख्ख्या काकांचं आडनाव वेगळं, माझं माहेरचं वेगळं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत छापखानेवाल्याने सख्ख्या काकांना स्नेही मंडळींत टाकलं होतं. काका दोन दिवस जेवले नव्हते रागाने."

मला हसू आलं. आजींना आपल्याला वगळल्यासारखं वाटू नये म्हणून मी सगळं जर्मनमध्ये सांगितलं. सांगता सांगता बघते तर आजींचा काटा केकमध्येच थांबलेला.

"म्हणजे सख्खे भाऊ, पण आडनावं दोन?"

"हो. एक घर सोडून दुसऱ्या घरात गेला, म्हणून त्या घराचं नाव लागलं."

"आल्झो," आजी म्हणाल्या, म्हणजे 'अच्छा, असं आहे तर', आणि काटा खाली ठेवला. "आल्झो... थांब जरा."

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीची आम्ही काढलेली प्रिंट घेऊन आल्या. भावाच्या वडिलांच्या नावापुढे एक आडनाव होतं, मग शाई पसरलेली दोन-तीन अक्षरं आणि मग आजींच्या घराण्याचं आडनाव. त्या पसरलेल्या अक्षरांचा अर्थ आजींनी 'धर्मपिता' असा लावला होता. म्हणजे पहिलं आडनाव बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या कुणा पाहुण्याचं, असं आम्ही धरून चाललो होतो.

आता त्यांनी भिंग लावलं. कागद खिडकीपाशी नेला, परत आणला.

"गेनांट," त्या म्हणाल्या. "हे गेनांट आहे!"

गेनांट म्हणजे उर्फ. म्हणजे बापाचं आडनाव एक, आणि तो ओळखला जायचा दुसऱ्याच नावाने.

"आमच्याकडे शेताला नाव असायचं," आजी भराभरा सांगायला लागल्या. "पोस्टमनसुद्धा माणसाला शेताच्या नावाने हाक मारायचा. जो त्या शेतावर राहायला येईल, त्याला तेच नाव. मला वाटायचं ही नुसती बोलायची पद्धत. मुलगा नसलेल्या शेतकऱ्याच्या मुलीशी कुणी लग्न केलं आणि तिच्या घरी राहायला आला—"

"घरजावई!" मी आणि सासूबाई एकदमच ओरडलो. आजींच्या हातवाऱ्यांवरून सासूबाईंना सगळं समजलं होतं.

म्हणजे बाप घरजावई होता. लग्न करून शेतावर आला आणि त्याला शेताचं नाव चिकटलं. थोरला मुलगा शेतावर राहिला, त्याने तेच नाव चालवलं. धाकट्याला शेत मिळालं नाही, मग शेताचं नाव तरी तो कशाला नेईल? तो बापाचं मूळ आडनाव घेऊन बोटीत बसला असणार.

मी लॅपटॉप पुढे ओढला. बापाचं ते मूळ आडनाव टाकलं, आयोवा टाकलं, जन्मठिकाणी प्रशिया टाकलं, कारण तेव्हा वेस्टफालिया प्रशियात होतं. आणि आला! शेतकरी, नाव तेच, वय बरोबर. खाली बायको. त्याखाली मुलं, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, सहा.

मी अशी काही किंचाळले की वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी धावत खाली आला. काही लागलं का, डॉक्टरला बोलावू का, विचारायला लागला. आजींनी त्याच्या हातात केकची बशी दिली आणि त्याला दारातच उभं करून सगळी हकिगत सांगितली. बिचारा "या, या" करत, म्हणजे 'हो, हो' म्हणत, खात होता.

"पण फोटोत सात आहेत," सासूबाई म्हणाल्या. त्या मुलं मोजतच बसल्या होत्या.

पुढच्या जनगणनेचं पान उघडलं. तिथे सातवी होती, सगळ्यांत धाकटी मुलगी. आजींनी फोटो जवळ ओढला आणि मी एकेक नाव वाचायला लागले. त्या प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून ते नाव म्हणायच्या. त्यांनी स्वतः ठेवलेल्या नावांपैकी एकही जुळलं नाही. धाकट्या मुलीपाशी त्यांचं बोट बराच वेळ राहिलं.

तरी माझ्यातली चुका शोधणारी बाई अजून खात्री द्यायला तयार नव्हती. शिंप्याच्या वेळी तोंडघशी पडलो होतो. मी आयोवातल्या त्या भागात वंशावळींचं काम करणाऱ्या एका हौशी मंडळाला मेल केला. उत्तर आलं एका निवृत्त बाईंचं. त्या पूर्वी शाळेची बस चालवायच्या आणि आता गावोगावच्या दफनभूमींतल्या दगडांचे फोटो काढत फिरत होत्या. 'ते चर्च आता बंद आहे,' त्यांनी लिहिलं, 'पण दफनभूमी आहे. मका इतका वाढलाय की आत शिरेपर्यंत ती दिसत नाही. रविवारी प्रार्थना झाली की जाऊन येते.'

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून परतताना ट्राममध्ये फोटो आला. करडा दगड, वर शेवाळं, पण मजकूर जर्मनमध्ये. मला अक्षरं लागेनात. दोन स्टॉप आधीच उतरले, कारण ट्राम स्टॉपवरच सिग्नलसाठी अडकली होती आणि मला तेवढाही धीर नव्हता. पळत घरी आले, आजींची बेल धरून ठेवली. त्यांनी दार उघडलं आणि मी फोन त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

त्यांनी बोटाने फोटो मोठा केला. भावाचं नाव वाचलं. मग 'जन्म' हा शब्द, आणि त्यापुढे गावाचं नाव. त्यांचं गाव. आयोवातल्या मक्याच्या शेतात दगडावर कोरलेलं.

"स्पेलिंग चुकलंय," त्या म्हणाल्या आणि चपला काढायच्या स्टुलावर बसल्या. "आम्ही बोलतो तसंच लिहिलंय." मग त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. त्यांचा आनंद मला तळहातांत जाणवत होता.

बसवाल्या बाईंनीच पुढे त्या भावाच्या वंशजाला गाठून दिलं. तो त्याच भागात मका आणि सोयाबीन करणारा साठीचा शेतकरी. व्हिडिओ कॉलवर मी मध्ये दुभाषी. पिकं निघाल्यावर बायकोला घेऊन येतो म्हणाला आणि खरंच आला.

आजींच्या गावी जायला आम्ही भाड्याची गाडी घेतली. मी चालवत होते, आजी शेजारी, मागे ते दोघं. आजींनी सकाळी केस सेट करून घेतले होते आणि वाटेत सारखा आरसा खाली करून बघत होत्या. शेतकरी फक्त रस्त्याकडेच्या शेतांकडे बघून बायकोला हळूच काहीतरी सांगायचा. मला वाटलं, आजींना आणि त्याला एकमेकांशी बोलायला काही सापडलंच नाही तर काय करायचं?

ते जुनं शेत आता दुसऱ्याच कुटुंबाकडे आहे, पण त्यांनी फाटक उघडून ठेवलं होतं. अंगणात उतरलो. आजी हात वर करून सांगणार, हे आमचं घर, तेवढ्यात शेतकरी संकोचून माझ्या कानाशी आला.

"माफ कर हं, पण इथे हिस्कन कुठे असेल?"

मला कळेना. "काय कुठे असेल?"

त्याचे कान लाल झाले. "बाथरूम गं. आमच्या घरात हिस्कन म्हणतात. माझ्या आजोबांनी काढलेला काहीतरी वेडगळ शब्द."

आजींनी तेवढाच शब्द ऐकला. "ह्युस्कन!" त्या ओरडल्या आणि कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. जुन्या घरांत परसातल्या संडासाला त्या भागातले लोक ह्युस्कन म्हणतात, म्हणजे छोटंसं घर. त्याच्या घराने तो शब्द समुद्रापलीकडे नेऊन पिढ्यान्‌पिढ्या जपला होता. मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा तो उंच माणूस अंगणात उभ्या उभ्या लहान मुलासारखा हसला, आणि मग दोघांच्याही डोळ्यांना धारा लागल्या. आजींनी त्याचा हात धरला आणि स्वतः परसात नेऊन जुनं ह्युस्कन दाखवलं. तिथे आता सायकली ठेवतात.

खरं बाथरूम घरमालकिणीने दाखवलं.

दुपारी सगळे बाहेर बाकांवर बसलो होतो. घरमालकिणीने ब्रेड, हॅम आणि काकडीचं लोणचं आणलं. शेतकऱ्याने घराच्या दारावरची तुळई बघितली; तिच्यावर शेताचं नाव कोरलेलं आहे. बराच वेळ बघून त्याने मला विचारलं, "मग आमचं खरं आडनाव हे असायला हवं होतं का? त्यांना विचार ना."

मी आजींना विचारलं. त्यांनी ब्रेडवर लोणी लावता लावता मान हलवली.

"त्याला सांग, तुझंच खरं आहे. बदललं ते आमचं."

त्याने ते ऐकलं, स्वतःशी दोनदा मान डोलावली, आणि आजींच्या बशीत हॅमचा मोठा तुकडा वाढला. आजींनी त्याला लोणी कसं लावायचं ते दाखवलं. त्या म्हणाल्या, इतकं पातळ लावत नाहीत आमच्याकडे. त्यानंतर त्यांना माझी गरज फारशी लागली नाही.