चिपमधला त्याचा अर्धा भाग

ऑफिसात त्या दोघांना सगळे जोडगोळी म्हणायचे. नवरा-बायको एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसायचे आणि एकाच चिपवर काम करायचे. चिप जहाजांना दिशा सांगणाऱ्या सेन्सरसाठी होती. काचेच्या तंतूच्या वेटोळ्यातून प्रकाश दोन उलट दिशांनी सोडायचा. जहाज वळलं की दोन्हींत किंचित फरक पडतो. तो फरक टिपणारा अर्धा भाग तिचा. प्रकाशाला ठरावीक ठेक्यात ठोके देणारा आणि आलेले आकडे मोजणारा अर्धा भाग त्याचा.

"तुझा गोंगाट माझ्याकडे येतो," ती म्हणायची.

"तुझेच कान फार तिखट आहेत," तो म्हणायचा.

घरी भांडी घासतानाही हेच चालायचं. सासूबाई वैतागून म्हणायच्या, "अरे, मधे भिंत घाला एक आणि मिटवा."

चिपचा आराखडा कारखान्यात गेला आणि त्याच आठवड्यात तो ऑफिसच्या जिन्यात छातीला हात लावून खाली बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चिप तयार होऊन आली तोवर ती कामावर परतली होती. पाठीमागची खुर्ची कोणी हलवली नव्हती. तिने सेन्सर जड दगडी टेबलावर ठेवून चिप चालू केली. टेबल जागचं हललं नव्हतं, तरी पडद्यावरची रेघ सांगत होती की सेन्सर हळूहळू वळतोय.

कारण तिला लवकरच कळलं. त्याच्या भागातले ठोके तिच्या भागात झिरपत होते, आणि ठेका एकच असल्यामुळे ते खऱ्या वळण्यासारखे दिसत होते. ठोक्यांचा भाग काढून नव्याने करायला हवा होता. तिने ते कोणाला सांगितलं नाही. आपल्याच भागाच्या आराखड्यात संगणकावर आडोसे घालून पाहिले, हातातल्या चिपवर चूक मोजून वजा करून पाहिली. खोली गार असली की जमायचं. जरा उबारा आला की रेघ पुन्हा सरकायची. असे कित्येक महिने गेले.

शेवटी साहेबांनी बोलावलं. "दोष तुमच्या भागात नाही. कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"त्याच्या नावाला बट्टा लागेल म्हणून गप्प राहिलात?"

"नाही. तो असता तर त्यानेच पुसून टाकलं असतं. माझाच हात होत नाही."

"दुसऱ्या कोणाला देऊ?"

"नको. मीच करते."

तिने त्याच्या आराखड्यातला ठोक्यांचा भाग उघडला. तारा वळवताना तो उगाच एक जादा वळसा द्यायचा; त्यावरून ती त्याला किती चिडवायची. सगळं एकदम निवडून पुसता आलं असतं. तिने एकेक तार पुसली. त्या दिवशी ती जेवायलाही उठली नाही.

तो भाग नव्याने आखून तिने कारखान्यात पाठवला, आणि दुसरी चिप आली. रेघ सरळ राहिली, खोली तापवली तरी सरळच. साहेब येऊन "छान" म्हणाले. तिने यंत्र बंद केलं आणि घरी आली.

"चालली का गं चिप?" सासूबाईंनी विचारलं.

"चालली, आई."

"त्याचं काम आहे ना त्यात?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण तिने खरं तेच सांगितलं. "थोडं आहे. बाकीचं काढावं लागलं."

सासूबाईंनी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"कोणी काढलं?"

"मीच."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "परक्याचा हात नाही लागला."

ऑफिसात एकदाही न रडलेली ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि रडली. सासूबाईंनी तिला थांबवलं नाही. त्याही शेजारी बसल्या.