झगमगच्या झग्याचे दोन इंच

माझी मावशी गिऱ्हाइकाला आधी बूट काढायला लावते. मोजेसुद्धा. मग फरशीवर ताठ उभं करून माप घेते. एकदा, दोनदा, आणि माणूस वैतागला की तिसऱ्यांदा. शर्ट शिवायला आलेल्याच्या पायांशी हिचं काय काम, असं लोक मला हळूच विचारतात. मी तिच्या दुकानात काजं-बटणं करते, आणि बारा वर्षं मलाही ते कोडंच होतं. गेल्या महिन्यात झगमग वारला, त्या आठवड्यात तिने मला खरं काय ते सांगितलं. ऐकून मी हसले. हसायला नको होतं.

झगमग म्हणजे आमचा बॉक्सिंगचा चॅम्पियन. सोन्याचा दात, टाचेचे बूट आणि जिभेला हाड नाही. लढतीच्या आदल्या दिवशी समोरच्याला फोन करून म्हणायचा, "कितव्या राउंडला पडणार ते सांगून ठेव, मला जेवायला जायचंय." रिंगमध्ये येताना अंगावर झगा हवाच, आणि तो मावशीनेच शिवलेला हवा. शेवटच्या लढतीसाठी त्याला जांभळ्या मखमलीचा, टिकल्यांनी मढवलेला, थेट घोट्यापर्यंतचा झगा पाहिजे होता. मावशी एकोणीस दिवस त्या झग्यामागे होती. माप देताना हा गडी तासभर स्वतःचीच तारीफ करत उभा, आणि त्या बडबडीत मावशीने टाचेच्या बुटांवरच खालची खूण केली. ट्रायलला आला तेव्हाही तेच बूट. बॉक्सिंगचे बूट असतात सपाट. झगा दोन इंच लांब झाला.

रिंगच्या पायऱ्या चढताना झग्याची कड पायाखाली आली आणि झगमग एका गुडघ्यावर कोसळला. पण तो झगमग! तिथेच हात पसरून त्याने मान झुकवली, आणि लोकांना वाटलं की हा प्रेक्षकांना वंदन करतोय. सगळं स्टेडियम डोक्यावर घेतलं त्यांनी. पाचव्या रांगेत बसलेल्या मावशीला मात्र फक्त ती कड दिसली. तिसऱ्या राउंडला एक साधासा ठोसा लागला, त्याला मागे सरकता आलं नाही आणि तो पडला. पट्टा गेला. दुसऱ्या दिवसापासून लोक म्हणायला लागले की झगमगने लढत विकली.

"आधी मी घरीच शिवायचे, दुकान तेव्हा नवं होतं गं," मावशी मला म्हणाली. "म्हटलं, जरा स्थिरावू दे, मग सांगेन. मग एक वर्ष गेलं. मग पंचवीस गेली."

आता बॉक्सिंगच्या हॉलला त्याचं नाव द्यायचं की नाही, यावर रविवारी दुपारी बैठक होती. बैठक हॉलमध्येच, ठोसे मारायच्या पिशव्या बाजूला बांधलेल्या आणि मधे प्लास्टिकच्या खुर्च्या. मावशी चार रात्री झोपली नव्हती. बोलावं तर म्हातारपणी हसं होणार, न बोलावं तर त्याच्या नावाला कायमचा डाग. मला म्हणाली, "तू फक्त शेजारी बस."

बैठकीत दोन तट पडले. एका बाईंनी सांगितलं, त्याच्यामुळे त्यांची मुलगी हातमोजे घालायला शिकली, आज ती शाळेत बॉक्सिंग शिकवते. एकजण म्हणाला, पण माणूस उर्मट होता, हरलेल्याची टिंगल करायचा. ते खरंच होतं. मग सलूनवाला उठला. एकेकाळी झगमगचा फोटो त्याच्या आरशावर असायचा, त्यामुळे राग सगळ्यात जास्त त्याचाच.

"मी दुकान बंद करून गेलो होतो ती लढत बघायला," तो म्हणाला. "आणि हा काय करतो? आधी पायरीवर नाटक, गुडघा काय टेकतो, मान काय झुकवतो! मग एका फुसक्या ठोशाला आडवा. विकणाऱ्याचं नाव दारावर लावायचं?"

मावशी उभी राहिली. गळ्यात मापाची टेप तशीच होती, घाईत काढायची राहिली होती.

"ते नाटक नव्हतं. तो पडला होता. झगा मी लांब शिवला होता." आणि तिने बूट, टाचा, दोन इंच, सगळं सांगून टाकलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. माझेच कान तापले.

"बाई, मेलेल्या माणसाला सांभाळून घ्यायचं म्हणून काहीही सांगू नका," सलूनवाला म्हणाला.

तेव्हा दाराजवळून झगमगचे कोच बोलले. आता ऐंशीच्या पुढचे.

"त्या खरं सांगतायत. लढत संपल्यावर त्याचा बूट निघेना, मी कात्रीने कापला. पायरीवर मुरगळलेला घोटा टम्म सुजलेला. म्हटलं, पेपरवाल्यांना सांगतो. तर त्याने माझी कॉलर धरली. म्हणाला, त्या बाईंनी आत्ताच दुकान टाकलंय. उद्या गावभर होईल की हिच्या कपड्यात माणूस तोंडावर पडतो. तुम्ही बोललात तर माझी पुढची लढत तुमच्याशी."

सलूनवाला हळूहळू खाली बसला.

"आणि हा गप्प बसला? पंचवीस वर्षं?" तो म्हणाला. "अहो, दाढी करताना त्याचं तोंड मिटायचं नाही. दोनदा कापलाय मी त्याला!"

लोक हसले, आणि त्या हसण्यातच ठराव मंजूर झाला. सलूनवाल्याचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला. "पाटी मात्र साधी हवी, चमचम नको," एवढं त्याने बजावलं. कोणी मनावर घेतलं नाही.

बाहेर आल्यावर मावशी इतकी भरभर चालू लागली की मला मागे धावावं लागलं. "सुटले गं," ती म्हणत होती, "सुटले बाई." मलाही छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. कोपऱ्यावर मात्र ती थांबली.

"तो समोरून आला की मी रस्ता बदलायचे. वाटायचं, आता हा जाब विचारेल. एकदा त्याने लांबून हात केला, तर मी भाजीच्या दुकानात घुसले आणि उगाच तीन किलो भोपळा घेऊन आले. तो नुसता 'कशा आहात' विचारायला येत असेल गं."

भररस्त्यात ती रडली. मी तिचा हात धरून उभी राहिले. शाबासकी द्यावी की समजूत काढावी, मला कळेना. मग तिने टेपच्याच टोकाने डोळे पुसले.

"चल," ती म्हणाली. "फार भूक लागलीय."

महिनाभरात पहिल्यांदाच तिने ते म्हटलं होतं.