अकराच्या पुढचा आकडा

सासऱ्यांच्या नावात एक आकडा येत असे. अकराच्या पुढचा, तेराच्या आधीचा. आम्ही सुना तो तोंडातून काढत नसू. भाकरी मोजताना 'अकरावर एक' म्हणायचं आणि पुढं जायचं. बाळाचं नाव ठेवायच्या दिवसाला आमच्या घरात पाळणा हाच शब्द. आता सासरे नाहीत, तरी लिहिताना हात तो आकडा टाळतोच.

एका वर्षी कापसाची वाळकी पऱ्हाटी उपटताना माझ्या तळहातात काडी घुसली. आठ दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला. रोहिणखेडहून बैलबंडीनं घाट चढून बुलढाण्याला एका डॉक्टरांकडं गेलो. ते नागपूरला शिकलेले, तरुण. कापण्याआधी अर्धा तास दंडात गुंगीची सुई दिली, तर क्लोरोफॉर्म कमी लागतो का, हे ते प्रत्येक रोग्यावर पाहून वहीत लिहून ठेवत. नाकावर जाळी ठेवून तिच्यावर औषधाचे थेंब सोडत आणि रोग्याला मोठ्यानं मोजायला सांगत. आवाज ज्या आकड्यावर थांबे, तो वहीत जाई.

मी मोजू लागले. डोकं जड झालं, पण शुद्ध होती. अकरा म्हटलं आणि अडले. सासरे दाराबाहेरच बसले होते. 'अकरावर एक' म्हणावं, तर परका माणूस काय समजेल? एकदम तेरा म्हणावं, तर वाटेल हिला मोजता येत नाही, आणि मी तर चौथी शिकलेली. एवढा विचार होईपर्यंत डॉक्टर म्हणाले, "अकरा. लिहा." कंपाउंडरनं लिहिलं. डॉक्टरांनी चिमटा काढून पाहिला. तो कळला, पण मी हलले नाही. पुरुषांसमोर बाईनं ओरडू नये, एवढंच डोक्यात होतं. मग सुरी आली, तीही कळली. मध्येच कधीतरी घेरी आली.

हात बरा झाला. गावात कोणी विचारलं की मी म्हणत असे, "काही कळलं नाही." खरं सांगितलं असतं, तर का थांबले तेही सांगावं लागलं असतं.

दोन महिन्यांनी धाकट्या जावेच्या छातीत गाठ होऊन पू धरला. लेकरू दीड महिन्याचं. पाजताना ती पदर दातात धरायची, पण कापायचं नाव काढू देत नव्हती. शेवटी माझ्याकडं पाहून तयार झाली.

बंडीत म्हणाली, "बाई, खरं सांगा जी. तुमाले कळलंच नाही?"

"नाही व."

"मंग मले काऊन भेव वाटते?"

"तू पह्यलेपासूनच भेकड."

दवाखान्यात तिला सुई दिली. डॉक्टरांनी वही पाहिली आणि कंपाउंडरला म्हणाले, "यांच्या घरच्या बाई अकराला झोपल्या होत्या. यांनाही तेवढंच पुरेल. अशक्त आहेत, जास्त द्यायला नको."

मी लेकरू घेऊन तिच्या उशाशी उभी होते. तीही अकरालाच थांबणार होती. सासरा एकच.

परक्या पुरुषाशी मी आपणहून कधी बोलले नव्हते. पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं पाहत म्हटलं, "माहे अकरा खोटे आहेत."

"म्हणजे?"

"मी जागी होती. पुढचा आकडा सासऱ्याच्या नावातला हाय. आमी म्हणत नाही."

"आणि सुरी लागली तेव्हा?"

"कळलं सारं."

जाऊ टेबलावर उठून बसली. "बाई, तुमी तं म्हणे कळलं नाही." तिनं पाय खाली सोडले.

कंपाउंडर म्हणाला, "घ्या. इतक्या दिवसांची वही, अन् अडली सासऱ्यापाशी."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझ्या ओळीवर रेघ मारली. मग मागची पानं उलटू लागले. आणखी कोणकोणत्या बाया कुठं थांबल्या होत्या, ते पाहत असावेत.

मी जावेला म्हटलं, "आता त्यायले ठाऊक झालं. नीज."

"मंग मी थांबली की थे कापतीन."

"डझन म्हणता येतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

जावेनं माझ्याकडं पाहिलं. डझन सासऱ्यांच्या नावात नव्हतं. ती आडवी झाली.

दहा, अकरा, डझन, तेरा. डझनला कंपाउंडरनं हसू लपवायला तोंड फिरवलं. सतरा नीट आलं, अठरा लांबलं, एकोणीस आलंच नाही. तरी डॉक्टर थांबले. पापणी उघडून पाहिली, चिमटा काढला, आणखी थेंब सोडले. माझ्या हातातला तिचा हात सैल पडला. मग त्यांनी सुरी घेतली.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"कधी कापतीन जी, बाई?"

"कापलं."

तिला खरं वाटेना. मी एकदा खोटं बोलले होते. तिनं हळूच हात नेला आणि पट्टी स्वतः चाचपून पाहिली.