बोट गेली, मग लाट आली

डोक्यातून अजून जात नाही, म्हणून इथे लिहितेय.

आज माझी मोठी बहीण, अक्का, हिच्यासोबत चांगदेवला तापीची ओटी भरायला गेले होते. नदीतून मोटरबोट सुसाट गेली. ती लांब जाईपर्यंत आम्ही घाटाच्या वरच्या पायरीवरच थांबलो. मग अक्का खालच्या पायरीवर उतरली आणि तेव्हाच बोटीची लाट घाटावर आदळली. अक्का घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेली. तिचा पदर माझ्या हाताला लागला म्हणून तिला वर ओढता आलं.

"बोट तं केव्हाच गेली, मंग हे पानी कुठून आलं?" ती विचारत राहिली.

बोटवाला परतल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी तर लांबून गेलो."

पुढच्या फेरीलाही तो तसाच सुसाट गेला. खाली एक बाई ओटी घेऊन उतरत होती. मी तिलाच ओरडून थांबवलं.

तुमच्याकडेही बोटवाल्याला सोडून बाईलाच थांबवतात का?