घोड्यावरचा गेणबा

मुळशीच्या जत्रेला आमचा तमाशाचा फड दर चैत्रात जायचा, आणि आम्हा बायकांचा मुक्काम ठरलेला असायचा साळूबाईच्या पडवीत. गावातल्या बाकीच्या बायका नाचणारणींना पाणी द्यायच्या ते चार हात लांबून. साळूबाईनं मात्र पहिल्याच वर्षी सांगितलं, की म्हशीशेजारी निजायला तुमची हरकत नसेल, तर म्हशीची काही हरकत नाही. फडावर मी पुढं दहा-बारा वर्षं राण्या केल्या. पण मान ताठ कशी ठेवायची, ते शिकले या बाईकडं बघून.

साल सत्तावन्न असेल. साळूबाई तिशीची, मूलबाळ नाही, दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेला. गेणबा त्याचं नाव. धरणात मासे धरायला गेला आणि बुडाला. इतका गरीब स्वभावाचा, की बैलालासुद्धा 'सरका जरा' म्हणायचा. मागं भाताची तीन खाचरं होती, म्हैस होती, पोटाला कमी नव्हतं. पण एकटीनं जेवायचा तिला मनापासून कंटाळा. भात घशाखाली उतरतो, पण कालवण खारट झालंय हे सांगायला समोर कुणी नको का, असं ती म्हणायची. तिला पुन्हा घर मांडायचं होतं आणि हे सांगताना ती लाजत नसे. त्यांच्यात विधवेचा पाट लावायची रीत होतीच. स्थळं आणायचं काम मालेगावचा नव्हे, तिथल्याच माले गावचा तिचा भाऊ कुशाबा करायचा.

आता आणखी एक रीत सांगायला हवी. बिजवर माणूस दुसरी बायको करतो, तेव्हा नवीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. टाक म्हणजे चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर मेलेलीची मूर्ती ठोकलेली. पहिलीचा जीव शांत राहावा आणि तिनं सवतीला छळू नये, म्हणून. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

पहिलं स्थळ माणचे हैबतराव. बैलगाडीतून आले, रेशमी फेटा, मिशीला तूप. त्यांच्या दोन बायका वारलेल्या, म्हणून खिशात दोन टाक. साळूबाईनं ते हातात घेऊन नीट पाहिले आणि एवढंच विचारलं, की तिसऱ्याला जागा ठेवलीय ना. कुशाबाला ठसका लागला. हैबतरावांना विनोद कळला नाही, म्हणून बैठक पुढं सरकली. मग साळूबाई म्हणाली,

"तुमच्या दोघी माझ्या गळ्यात. मंजूर हाय. माझा गेणबा तुमच्या गळ्यात."

हैबतराव हसले. ती हसत नाही हे पाहिल्यावर थांबले. मर्दाच्या गळ्यात बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा टाक, हे त्यांनी बापजन्मी ऐकलं नव्हतं.

"बाईच्या गळ्यात चालतो की," साळूबाई म्हणाली. "माझी मान काय येगळ्या मातीची हाय?"

हैबतरावांनी चहा संपवला, बशी पुसून ठेवली आणि गाडी जुंपायला सांगितली. आम्ही पोरी पडवीत तोंडात पदर कोंबून बसलो होतो.

पुढच्या चैत्रात गेले, तर गेणबाचा टाकच तयार होता. पौडाच्या सोनारानं घडवला होता. पण झालं असं, की सोनाराकडं पुरुषाचा ठसा एकच, देवघरात पुजतात त्या वीराचा, तलवार घेऊन घोड्यावर बसलेला. त्यानं तोच ठोकला. गेणबा उभ्या जन्मात गाढवावरसुद्धा बसला नव्हता. मी त्याच्या रूपाचं कौतुक केलं, तेव्हा साळूबाई म्हणाली, "तलवार बघ कशी धरलीया. कोंबडी कापायची म्हनलं तर घर सोडून जायचा."

या टाकानं दुसरं स्थळ घालवलं. जयसिंग नावाचा बरा माणूस होता, शेजारच्याच वाडीचा. तो टाक घालायला तयार झाला, पण सदऱ्याच्या आतून. साळूबाईनं विचारलं, भातलावणीला उघड्या अंगानं उतराल तेव्हा? जयसिंगानं पुष्कळ विचार करून सांगितलं, की तो चिखलातही सदरा घालील. इतपत तयारी होती. पण तिसऱ्या दिवशी तो डोळे सुजवून आला. गेणबा स्वप्नात आला होता, घोडा अंगावर घालत. साळूबाईनं त्याला परोपरीनं समजावलं, की आला असेल तर पडेल, त्याला घोडा येत नाही. जयसिंग काही पुन्हा फिरकला नाही.

एकोणसाठच्या जत्रेला कुशाबानं हात टेकले. मला म्हणाला, तुमचं ऐकते, तुम्ही सांगा. हैबतराव अजून तयार आहेत, अट तेवढी सोडायची. नाहीतर माझी बहीण म्हशीबरोबर म्हातारी होणार. मी त्या दिवशी साळूबाईला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. पुरुषाची मान लेचीपेची असते, तिच्यावर फार ओझं टाकू नये, वगैरे. ती तांदूळ निवडत होती.

"सोडते," म्हणाली. "पन मग त्याला कुनी धरायचं? त्याला आई न्हाई, पोर न्हाई."

तिनं कुशाबाकरवी हैबतरावांना होकार कळवला आणि दुसऱ्या सकाळी मला घेऊन धरणावर गेली. जिथं गेणबा बुडाला, तिथंच टाक सोडायचा, असं तिनं ठरवलं होतं.

होडी वाल्मीकची. त्याच्या बापाची शेती धरणाखाली गेली, तेव्हापासून ते घर होडीवर जगत होतं. वाल्मीक चाळिशीचा, अबोल. बायको रत्नाबाई पाच वर्षांमागं तापानं गेलेली. स्थळ म्हणून त्याचं नाव कुशाबाला कधी सुचलं नव्हतं. तो कुणाला दिसायचाच नाही. दिसायची ती होडी.

मध्यावर साळूबाईनं पदराची गाठ सोडली. वाल्मीकनं वल्ही थांबवली आणि काय आहे ते विचारलं. तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, हैबतरावांपासून घोड्यापर्यंत. त्यानं ऐकून घेतलं.

"ह्याला मीच काढलाय हितनं," तो म्हणाला. "पुन्यांदा न्हाई काढायचो. आन हिकडं."

त्यानं टाक घेतला, उलटसुलट केला आणि गळ्यात अडकवायला दोरा मागितला. दोरा कुणाकडंच नव्हता. मी पिशवीतल्या चाळांची दोरी उसवून दिली. त्यानं गाठ मारली. टाक छातीवर बसला.

"खांद्यावर घिऊन घरी आनला, तवा लई जड हुता," वाल्मीक म्हणाला. "ह्यो तर घोडा धरूनबी हलका हाय."

साळूबाई नाक ओढून, बाजारात भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "रत्नाबाईचा टाक हाय का?"

"हाय. गाडग्यात."

"गाडग्यात ठिवत्यात व्हय बाईमानसाला? आना उंद्या."

फडावर मी किती मागण्या ऐकल्या, राजांच्या, प्रधानांच्या. त्या होडीत मला एकही वाक्य नव्हतं, आणि मी जन्मात इतकी तल्लीन होऊन कुठं गप्प बसले नाही.

दुपारी हैबतराव गाडी जुंपून आले. चहा घेतला, बशी पुसली आणि परत गेले. पाट चार दिवसांनी लागला, वाल्मीकशी.

गाव हसलं, पण हसण्याला धार राहिली नाही, कारण उतारूंना होडीशिवाय गत्यंतर नव्हतं. घरात मात्र चौघं नांदू लागले. वाल्मीक चिडला, की टाकाला हात लावून म्हणायचा, "गेणबा, कसं सोसलंस रं हिला?" आणि साळूबाई रत्नाबाईला विचारायची, हा पहिल्यापासून असाच घोरतो का.

अडुसष्ट साली फड मोडला. त्याआधीच्या जत्रेला मी शेवटची गेले, तेव्हा आम्हा दोघींना होडीत घेऊन वाल्मीक उघड्या अंगानं वल्हं मारत होता. इतकी वर्षं पाण्यानं आणि घामानं टाक झिजला होता. घोडा पार पुसला होता, तलवारही. एक माणूस तेवढा उरला होता, साधा, हात खाली सोडून उभा.

मी साळूबाईला ते दाखवलं. तिनं वाकून पाहिलं, पदरानं टाक पुसला.

"उतरला बया येकदाचा," म्हणाली, आणि वाल्मीकला सकाळचं कालवण खारट झालं होतं का ते विचारायला लागली.